टाकीपासून तोटीपर्यंत

गेल्या वर्षी गणपती विसर्जनाला आठवडाही झाला नसेल, तोच आमच्या खालच्या मजल्यावरचे काका आपल्या न्हाणीघराच्या छताचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन वर आले. छताला ताटाएवढा ओलीचा डाग पडला होता आणि त्याच्या मध्यभागी रंगाचे पापुद्रे सुटून लोंबत होते. पुण्याच्या कोथरूडमधील आमची इमारत १९८७ सालची आहे. तळमजला आणि वर तीन मजले, लिफ्ट नाही, आणि आमचे घर सर्वांत वर. न्हाणीघर आणि शौचालय एकत्रच, सात फूट बाय साडेचार फूट. प्लंबरने पाहणी करून सांगितले की, टाइल्सच्या सांध्यांत सिमेंट भरून हे भागणार नाही. फरशीखालचा संक, म्हणजे स्लॅबचा मुद्दाम खाली घेतलेला भाग, पूर्ण मोकळा करून वॉटरप्रूफिंग नव्याने करावे लागेल. एवढी तोडफोड होणारच असेल तर नळ, कमोड, बेसिन सगळेच बदलून घ्यावे असे घरात ठरले आणि ती खरेदी माझ्याकडे आली. माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत आणि दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या गुडघ्याची सांधेरोपणाची शस्त्रक्रिया झाली आहे. न्हाणीघर त्यांना सोयीचे झाले पाहिजे, ही एकच अट यजमानांनी घातली. बाकी सारे माझ्यावर सोपवून ते मोकळे झाले.

मी सुरुवात दुकानापासून केली. मार्केट यार्डाच्या पलीकडे गंगाधाम परिसरात टाइल्स आणि सॅनिटरीवेअरची मोठी दुकाने आहेत, तिथे मी एक पूर्ण शनिवार घालवला. एका दालनात छतातून एक फूट बाय एक फूट असा चौकोनी रेन शॉवर बसवला होता. विक्रेत्याने कळ फिरवताच त्यातून जूनमधल्या वळवाच्या सरीसारखे पाणी कोसळले आणि मी मनातल्या मनात तो विकत घेऊन मोकळी झाले. त्याच्याबरोबर भिंतीत दडवलेला डायव्हर्टर (पाणी तोटीकडे की शॉवरकडे सोडायचे हे ठरवणारी कळ), भिंतीला टांगलेला कमोड, भिंतीच्या आतली फ्लशची टाकी आणि काळ्या मॅट रंगाचे सर्व नळ, असे एक लाख बेचाळीस हजारांचे कोटेशन घेऊन मी घरी आले. संध्याकाळी प्लंबरने तो कागद वाचला, घडी करून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "काकू, आधी एक बादली द्या."

वीस लिटरची बादली त्याने न्हाणीघरातल्या नळाखाली ठेवली, नळ पूर्ण सोडला आणि मोबाइलवर वेळ लावली. बादली भरायला तीन मिनिटे वीस सेकंद लागली, म्हणजे मिनिटाला सहा लिटर. हीच तोटी तीस-पस्तीस वर्षे वापरूनही हे मोजावे असे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आले नव्हते. मग तो मला गच्चीवर घेऊन गेला आणि टाकी दाखवली. आमची टाकी गच्चीवर सुमारे पाच फूट उंच चौथऱ्यावर आहे, आणि शॉवर आमच्या छतापासून अडीच फूट खाली. म्हणजे टाकीच्या तळापासून शॉवरपर्यंत जेमतेम साडेसात-आठ फुटांचा उतार. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार असतो. त्या हिशेबाने आमच्या शॉवरला पाव बारच्या आसपास दाब मिळतो. तळमजल्यावर राहणाऱ्यांना याच टाकीतून चौपट-पाचपट दाब मिळतो. वरच्या मजल्याला ऊन, वारा आणि सिंहगडाचे दर्शन जास्त मिळते, एवढीच काय ती भरपाई. मी ज्या रेन शॉवरवर भाळले होते त्याच्या खोक्यावर बारीक अक्षरांत किमान एक बार दाबाची अट छापलेली होती, हे मला दुसऱ्या फेरीत दिसले. "दुकानात मागे पंप असतो, काकू," असे प्लंबर म्हणाला, तेव्हा मला त्या सरीचे गुपित कळले.

पंप आपणही बसवू शकतो, हा मुलाचा पहिला प्रस्ताव होता. परंतु आमच्याकडे गच्चीवरून येणारी उभी पाइपलाइन तीन घरांना मिळून एक आहे; मध्येच पंप लावला तर आपण खालच्यांचे पाणी ओढून घेणार, आणि ज्या काकांच्या छताला आपल्यामुळे ओल आली त्यांचेच पाणी तोडणे मला बरे वाटेना. स्वतंत्र टाकी, तिचा पंप आणि पहाटे सहा वाजता त्याचा आवाज, हे सगळे एका शॉवरसाठी करण्यासारखे नव्हते. त्या रात्री मी कोटेशनमधला पहिला आयटम खोडला आणि त्यानंतर बाकीचेही एकेक करून गळत गेले.

दडवलेल्या डायव्हर्टरचा निकाल भिंतीने लावला. न्हाणीघर आणि आमची झोपायची खोली यांच्यामध्ये चार इंची विटांची भिंत आहे. डायव्हर्टरचा पितळी गाभा बसवायचा तर त्या भिंतीत अडीच-तीन इंच खोल खाच घ्यावी लागते, म्हणजे पलीकडे कपाटामागे इंचभर प्लास्टर आणि विटेची पाठ एवढेच शिल्लक राहते. शिवाय या प्रकारात एक नाजूक भानगड असते, जी मला नंतर शेजारच्या इमारतीतील एका कामावर प्रत्यक्ष पाहायला मिळाली. गाभ्यावर प्लास्टिकचे एक टोपण येते आणि त्यावर किमान आणि कमाल अशा दोन रेषा असतात. टाइल लावून झाल्यावर भिंतीची तयार पातळी या दोन रेषांच्या मध्ये आली पाहिजे. तिथे गवंड्याने प्लास्टर जाड केले होते, त्यामुळे गाभा खोल गेला, बाहेरची चकती भिंतीला टेकली खरी, पण दांडा आतल्या कळीपर्यंत पोहोचेना. एक्स्टेन्शनचा तुकडा मिळेपर्यंत त्या घरातली मंडळी बारा दिवस बादली घेऊन दुसऱ्या न्हाणीघरात जात होती. हे पाहिल्यावर मी भिंतीबाहेर राहणारा साधा थ्री-इन-वन वॉल मिक्सर घेण्याचे नक्की केले: खाली बादलीसाठी तोटी, वर चार इंची साधा शॉवर आणि बाजूला हँड शॉवर. त्याच्या गरम आणि थंड पाण्याच्या दोन तोंडांमधले अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, १५० मिलिमीटर असते आणि सर्व चांगल्या कंपन्या हेच माप पाळतात. त्यामुळे पंधरा वर्षांनी मिक्सर बदलायची वेळ आली तरी टाइल फोडावी लागत नाही. दिसायला तो जुन्या वळणाचा आहे, हे मान्य.

दुकानाच्या दुसऱ्या फेरीला मी एक टेप, जुन्या तोटीचा फोटो आणि बादलीची मापे लिहिलेला कागद घेऊन गेले. आमच्या घरी अंघोळ बादलीतूनच होते. सासूबाई पाटावर बसून तांब्याने अंघोळ करतात आणि शस्त्रक्रियेनंतर पाटाच्या जागी प्लास्टिकचे उंच स्टूल आले आहे, एवढाच बदल. म्हणून तोटी भिंतीपासून किती बाहेर येते हे मला सर्वांत महत्त्वाचे होते. दुकानात मांडलेल्या अनेक देखण्या मिक्सरांची तोटी इतकी आखूड होती की, बादलीचा काठ भिंतीला टेकवला तरी पाणी बादलीच्या मध्यावर पडले नसते. आमची बादली चौदा इंच उंच आणि तोंडाशी बारा इंच रुंद आहे. म्हणजे तोटीचे टोक भिंतीपासून किमान सहा-सात इंचांवर हवे, आणि फरशीपासून दोन फुटांच्या आसपास, म्हणजे बादली सरकवताना आपटत नाही आणि पाणी फार उंचावरून पडून उडतही नाही. मी टेप लावून मोजत होते तेव्हा विक्रेता काहीसा गोंधळला. मिक्सर आपल्या बादलीशी जुळवून पाहणारे गिऱ्हाईक त्याला बहुधा पहिल्यांदाच भेटले असावे.

दुसरी परीक्षा हाताची होती. सासूबाईंच्या बोटांच्या सांध्यांत आता जोर राहिलेला नाही आणि जुने पूर्ण फिरवायचे नळ बंद करताना त्या दोन्ही हात लावत. पाव फेऱ्यात उघडबंद होणाऱ्या नळात आत सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात, त्यामुळे रबरी वॉशर दाबून बंद करण्यासारखा जोर लागत नाही. परंतु चकती कितीही हलकी असली तरी बाहेरची मूठ गोल आणि गुळगुळीत असेल तर साबणाच्या हाताने ती फिरत नाही. मी माझ्या पाण्याच्या बाटलीने हात ओला केला, दुकानातल्या हात धुण्याच्या साबणाचा थेंब घेतला आणि ओळीने सात नळ फिरवून पाहिले. गोल मुठींचे तीनही घसरले. आडवी पात असलेले चारही मनगटानेसुद्धा फिरले. निवड तिथल्या तिथे झाली. एकाच दांड्याचा सिंगल लिव्हर मी घेतला नाही, कारण डावीकडे गरम आणि उजवीकडे थंड अशा दोन वेगळ्या मुठींची सवय ७८ व्या वर्षी मोडायला लावण्यात मला काही शहाणपण दिसले नाही.

नळ पितळी आहे की जस्ताच्या मिश्रधातूचा, हे पाहण्याचा घरगुती मार्ग म्हणजे तो हातात तोलून बघणे. सारख्या आकाराचा पितळी नळ स्पष्टपणे जड लागतो. रंगाच्या बाबतीत मात्र मी काळ्या मॅटचा मोह सोडला तो पाण्यामुळे. आमच्याकडे वर्षभर महापालिकेचे, म्हणजे खडकवासल्याचे पाणी येते आणि ते बऱ्यापैकी मृदू आहे. पण एप्रिल-मेमध्ये टँकर मागवावे लागतात आणि त्यातले पुष्कळसे पाणी बोअरवेलचे, जड असते. त्या दोन महिन्यांत स्टीलच्या भांड्यांवर पांढरे ठिपके धरतात, ते काळ्या नळावर किती उठून दिसतील याची कल्पना मला होती. चकचकीत क्रोमवर तेच ठिपके लपतात आणि ओल्या फडक्याने जातात. त्याच कारणासाठी मी प्रत्येक तोटीच्या तोंडाची जाळी, म्हणजे फोम फ्लो, हाताने किंवा सोबतच्या चावीने सुटते की नाही हे पाहून घेतले. तिच्यात क्षार साठले की धार वाकडी पडते, आणि ती काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली की पुन्हा सरळ होते.

आता कमोडविषयी, जिथे माझी फजिती झाली. टांगलेला कमोड चार इंची भिंतीवर पेलणार नाही म्हणून, आणि भिंतीतली टाकी बिघडली तर काय, या धास्तीने, मी जमिनीवर बसणारा, टाकी जोडूनच येणारा वन-पीस कमोड पसंत केला. फ्लश तीन आणि सहा लिटरचा, दोन बटणांचा. उंचीचा प्रश्न मोठा होता, कारण गुडघा बदललेल्या माणसाने फार खाली बसू नये असे फिजिओथेरपिस्टने बजावले होते. आमचा जुना कमोड सीटसह सोळा इंच होता. मी पसंत केलेला साडेसतरा. दीड इंचाने काय फरक पडतो हे कागदावर कळत नाही आणि सासूबाईंना तीन मजले उतरवून गंगाधामला नेणे शक्य नव्हते. तेव्हा कमोड आधी घरी आला. हमालांनी मजल्यामागे वेगळी हमाली घेऊन तो वर चढवला, आम्ही खोके उघडले आणि तो दिवाणखान्याच्या मधोमध वर्तमानपत्रावर मांडला. सासूबाई पदर सावरून त्यावर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या, समोर टीव्हीवर बातम्या चालू होत्या त्या दोन मिनिटे पाहिल्या आणि म्हणाल्या, "हा बरा आहे." दाराशी कुरिअरवाला उभा होता, त्याने जे पाहिले त्याविषयी त्याने कमालीचा संयम दाखवला.

उंची जमली, पण अंतर चुकले. कमोडचे पाणी खाली जमिनीत जाणार असेल तर तो एस ट्रॅप, आणि मागे भिंतीत जाणार असेल तर पी ट्रॅप. आमचा एस. त्यात भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंतचे अंतर नेमके हवे, आणि मी ते स्वतः मोजले होते: नऊ इंच. कमोडही नऊ इंचांचाच घेतला. परंतु मी मोजले ते जुन्या टाइलपासून. जुन्या टाइल्स काढल्यावर भिंत ओळंब्यात नाही हे उघड झाले, गवंड्याने ती सरळ करण्यासाठी खालच्या बाजूला जाड प्लास्टर भरले, त्यावर वॉटरप्रूफिंगचा थर, त्यावर टाइल. आणि तयार भिंतीपासून पाइप आठ इंचांवर आला. कमोड मागे सरकवायला एक इंच भिंतच आडवी. "टेप तुम्ही भिंत फोडायच्या आधी लावलीत, काकू," असे प्लंबर शांतपणे म्हणाला. दुकानाने उघडलेल्या खोक्याचा माल परत घेण्यास नकार दिला, आणि पावतीवर तसे छापलेलेही होते. संकमध्ये पाणी भरून तीन दिवसांची चाचणी नुकतीच पूर्ण झाली होती आणि खालच्या काकांनी आपले छत कोरडे असल्याचे कळवले होते. त्यामुळे पाइप हलवण्यासाठी ते वॉटरप्रूफिंग पुन्हा फोडण्याची कोणाची तयारी नव्हती. शेवटी मध्याला किंचित बाजूला सरकवणारा ऑफसेट कनेक्टर घालून तो इंच मिळवला. प्लंबरला हा उपाय आवडलेला नाही. वाट थोडी वाकते, तिथे कधीतरी तुंबू शकते, असे तो म्हणतो. आठ महिन्यांत तसे झालेले नाही.

मोठ्या वस्तू ठरल्या की खरेदी संपली असे वाटते, पण तिथून पुढे खरा किरकोळ खर्च सुरू होतो. अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून निघणाऱ्या प्रत्येक जोडणीचे पाणी बंद करणारे छोटे नळ, तेच सहा लागले: बेसिनला दोन, गीझरला दोन, फ्लशच्या टाकीला एक, जेट स्प्रेला एक. शिवाय बेसिनचा वेस्ट कपलिंग, बॉटल ट्रॅप, कनेक्शन पाइप, चकत्या. हे सगळे भिंतीच्या कोपऱ्यात दडते म्हणून लोक स्वस्तातले घेतात, आणि गळती नेमकी तिथेच सुरू होते; मी मिक्सरच्याच कंपनीचे घेतले आणि त्या यादीने अकरा हजारांचा आकडा गाठला, जीएसटी वेगळा. तो वेगळा आहे की धरून, हे दुकानात प्रत्येक वेळी विचारावे लागते. जेट स्प्रेचा अँगल कॉक वापरानंतर बंद करण्याची शिस्त मी घरात लावली आहे, कारण बंद स्प्रेमागची रबरी नळी दिवसभर दाबाखाली राहिली की कधी ना कधी फुटते, आणि ती माणसे घरात नसतानाच फुटते.

फरशीला मोरबीच्या एक फूट बाय एक फूट मॅट टाइल्स घेतल्या. दोन फुटी टाइल दिसायला भव्य असते, पण न्हाणीघरातला उतार चारही बाजूंनी जाळीकडे आणायचा तर ती कापावीच लागते; लहान टाइल उतार सहज घेते आणि जास्त सांधे पायाला धरही देतात. नहाणी ट्रॅपवरची, म्हणजे फरशीतल्या सांडपाण्याच्या तोंडावरची, जाळी निवडताना विक्रेत्याने मला झुरळे अडवणारी, नक्षीची, स्क्रूने बसवायची जाळी दाखवली. आमच्या घरात तीन बायकांचे लांब केस त्या जाळीत जातात. दर रविवारी स्क्रू ड्रायव्हर घेऊन कोण बसणार, म्हणून दोन बोटांनी उचलता येणारी साधी ३०४ ग्रेड स्टीलची जाळी घेतली.

आधाराचे दांडे, ज्यांना दुकानात ग्रॅब बार म्हणतात, मी सर्वांत शेवटी विकत घेतले, पण त्यांची जागा सर्वांत आधी ठरवायला हवी होती. टाइलमागे पोकळी असेल किंवा स्क्रू दोन विटांमधल्या सांध्यात गेला तर दांडा वरवर घट्ट दिसतो आणि खरा भार आला की निखळतो. सुदैवाने टाइल्स लागण्याआधी प्लंबरने प्रत्येक भिंतीवर टेप धरून पाइपांचे फोटो काढायला लावले होते. कमोडच्या डाव्या हाताला, फरशीपासून तेहतीस इंचांवर जिथे सासूबाईंचा हात नैसर्गिकपणे जात होता, तिथूनच गरम पाण्याचा सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचा, पाइप उभा गेला होता. फोटोतल्या टेपवर तो भिंतीच्या कोपऱ्यापासून साडेअकरा इंचांवर स्पष्ट दिसत होता. दांडा दोन इंच पुढे सरकवला आणि ड्रिल कोरडे बाहेर आले. मिस्त्रीने बसवल्यावर यजमानांनी, म्हणजे ८२ किलोंच्या गृहस्थांनी, त्याला लोंबकळून पाहिले.

जुने जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, पाइप कापले तेव्हा त्यांच्या आत गंज इतका साचला होता की, अर्ध्या इंचाच्या पाइपातून जेमतेम पेन्सिल जाईल एवढीच वाट उरली होती. म्हणजे दाबाचा सगळा दोष टाकीच्या उंचीचा नव्हता. नव्या मिक्सरखाली तीच बादली एक मिनिट पन्नास सेकंदांत भरली. शॉवर मुलगा एकटाच वापरतो आणि धार मंद आहे अशी तक्रार करतो.

पहिल्या दिवशी सासूबाई आत गेल्या तेव्हा मी दाराबाहेर उभी होते. नळ फिरल्याचा, बादलीचा, तांब्याचा आवाज आला, वीस मिनिटांनी त्या दांडा धरून उठल्या, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सगळे ठीक आहे, पण आरसा एवढा उंच कोणासाठी लावलास? मला त्यात फक्त भांग दिसतो." आरसा मुलाने स्वतःच्या उंचीने लावून घेतला होता. तो चार इंच खाली घेतला. वरच्या दोन भोकांत पांढरे सिमेंट भरले आहे. टाइल फिकट करडी असल्यामुळे ते दिसते.